एका सेलवर दीड महिना चालणारा रात्रीचा दिवा

बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात, जिन्याच्या वळणावर, आजी-आजोबांच्या पलंगाजवळ रात्रभर थोडा उजेड हवा असतो. फार नाही, पाय कुठे पडतोय एवढं दिसलं की झालं. या कामाला आपण वर्षानुवर्षं ‘झीरोचा बल्ब’ वापरत आलो. नावात झीरो असला तरी जुना तारेचा झीरो बल्ब दहा ते पंधरा वॅट घेतो. या लेखात जो दिवा बनवायचा आहे तो साधारण १५ मिलिवॅटवर चालतो, म्हणजे जवळपास हजाराव्या हिश्श्यावर. उजेडही अर्थातच कमी आहे, पण अंधाऱ्या बोळाला तो पुरतो. पॉवर बँकेत असतो तसल्या एका सेलवर तो दीड महिना रोज रात्री लागतो.

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद नव्याने लागलेल्यांसाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. भाग मोजके लागतात, काही जळलं तरी चार-दोन रुपयांचंच जळतं, आणि जे शिकायला मिळतं ते पुढे बॅटरीवरच्या प्रत्येक सर्किटला उपयोगी पडतं. वीज वाचवायची म्हटलं की बरेच जण लगेच एखादा खास आयसी, म्हणजे तयार सर्किटची चिप, शोधायला लागतात. माझं सांगणं उलट आहे. उजेड किती पुरतो हे अंधारात बसून ठरवा आणि एलईडीला साजेसा सेल निवडा. हे दोन निर्णय नीट झाले की पुढे एक साधा रेझिस्टर बहुतेक काम करून देतो.

रंग ठरला की व्होल्टेज ठरलं

एलईडीला ठरावीक व्होल्टेज मिळाल्याशिवाय तो पेटत नाही, आणि ते व्होल्टेज त्याच्या रंगावर अवलंबून असतं. लाल एलईडी १.८ ते २.२ व्होल्टला पेटतो. निळ्याला २.८ ते ३.३ व्होल्ट लागतात. यामागे साधं भौतिकशास्त्र आहे: निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा लाल प्रकाशकणापेक्षा जास्त असते, म्हणून तो बाहेर काढायला जास्त व्होल्टेज लागतं. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर दिलेला असतो आणि दोन्ही रंग मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं. म्हणून पांढऱ्यालाही तीन व्होल्टच्या आसपास लागतात. लाल एलईडी १९६२ पासून आहेत, पण झगझगीत निळा एलईडी बनायला १९९३ साल उजाडलं. त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपला पांढरा दिवा त्याच शोधावर उभा आहे.

दुसरी गोष्ट अशी की पेटण्याचं व्होल्टेज ओलांडलं की एलईडीतून जाणारा करंट झपाट्याने वाढतो. तीन व्होल्टला ठीक चाललेला एलईडी साडेतीनला तापून जळू शकतो. म्हणून करंटला आवर घालायला मध्ये रेझिस्टर लागतोच. त्याचं गणित एका ओळीचं आहे: पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून एलईडीचं व्होल्टेज वजा करा आणि उरलेल्याला हव्या त्या करंटने भागा. करंट मिलिअँपमध्ये धरला तर उत्तर किलोओहममध्ये येतं.

आता हिशोब करू. १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक पांढरा एलईडी १० मिलिअँपने चालवायचा आहे. १२ वजा ३.१ म्हणजे ८.९ व्होल्ट, भागिले १०, म्हणजे ०.८९ किलोओहम. जवळचा सहज मिळणारा रेझिस्टर १ किलोओहमचा. दिवा छान पेटेल, पण बॅटरीने दिलेल्या ऊर्जेतली जेमतेम २६ टक्के एलईडीला मिळेल. बाकीची रेझिस्टर गरम करण्यात जाईल. त्याच बॅटरीवर तीन पांढरे एलईडी एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये लावा. तिघांचे मिळून ९.३ व्होल्ट होतात, रेझिस्टर २७० ओहमचा पुरतो, आणि तेवढ्याच १० मिलिअँपमध्ये तिप्पट उजेड मिळतो. आता एलईडींकडे जाणारी ऊर्जा ७७ टक्के झाली. एकही आयसी न वापरता!

मग चार लावले तर? चौघांचे मिळून साडेबारा व्होल्ट होतात आणि दिवे मिणमिणतात. शिवाय गाडीची किंवा इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी १२ व्होल्टवर स्थिर राहत नाही. चार्ज होताना ती १४.४ पर्यंत जाते, उतरली की ११ च्या आसपास येते. तीन एलईडी आणि २७० ओहम असताना करंट या टोकापासून त्या टोकापर्यंत १९ ते ६ मिलिअँप असा बदलतो. साध्या ५ मिलिमीटरच्या एलईडीची मर्यादा बहुधा २० मिलिअँप असते, म्हणजे आपण आत आहोत. रेझिस्टर निवडताना नेहमी चढलेल्या बॅटरीचं व्होल्टेज धरावं.

सेल निवडताना हाच नियम लावायचा: सेलचं व्होल्टेज एलईडीच्या व्होल्टेजपेक्षा थोडंसंच जास्त असावं. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी नवख्यांना फार आवडते, कारण तिची क्लिप सोपी असते. पण एका पांढऱ्या एलईडीसाठी ती सर्वांत वाईट निवड आहे. दोन-तृतीयांश ऊर्जा वाया जाते आणि ही बॅटरी महागही पडते. लाल एलईडीला दोन रिचार्जेबल पेन्सिल सेल, म्हणजे २.४ ते २.६ व्होल्ट, छान जुळतात. पांढऱ्याला एक लिथियम-आयन सेल जुळतो. तो पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट देतो आणि बहुतेक काळ ३.७ च्या आसपास राहतो. त्याहून सुंदर जोडी लिथियम आयर्न फॉस्फेट सेलची आहे. तो जवळजवळ शेवटपर्यंत ३.२ व्होल्ट धरून ठेवतो. मात्र त्याचा चार्जर वेगळा लागतो, साध्या लिथियम-आयनच्या चार्जरला तो कधीही लावू नका. सुरुवातीला सगळीकडे मिळणारा लिथियम-आयन घेऊ.

काय काय आणायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. इतर गावी ऑनलाइन मागवावं. एक डिजिटल मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची पाटी), जंपर वायर, वेगवेगळ्या रेझिस्टरचं पाकीट, १० किलोओहमचं प्रिसेट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर), पाच-दहा पांढरे एलईडी, एक एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा रेझिस्टर), बीसी५४७बी आणि बीसी३३७ हे ट्रान्झिस्टर (बेस या पायातल्या छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे भाग) दोन-चार, १८६५० मापाचा एक लिथियम-आयन सेल, त्याचा होल्डर, आणि टीपी४०५६ चं चार्जिंग बोर्ड. शेवटी पक्कं जोडायला २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, सोल्डर तार आणि झीरो पीसीबीचा, म्हणजे भोकं पाडलेल्या बोर्डाचा, तुकडा.

एलईडी घेताना ‘स्ट्रॉ हॅट’ प्रकार मागा. त्याचा उजेड सुमारे १२० अंशांत पसरतो. नेहमीच्या गोल डोक्याच्या पारदर्शक एलईडीचा झोत १५ ते ३० अंशांचा असतो, म्हणून बोळात एकच झगझगीत ठिपका पडतो आणि बाकी अंधारच राहतो. पाकिटावर मिलिकॅन्डेला हा आकडा मोठा दिसला म्हणून भुलू नका. तो एका दिशेची तीव्रता सांगतो. तोच प्रकाश अरुंद झोतात कोंबला की आकडा फुगतो. एकूण प्रकाश किती ते ल्युमेन सांगतं. गोल डोक्याचेच एलईडी घरात असतील तर डोक्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा, झोत पसरतो.

सेलच्या बाबतीत सावध राहा. लेबलवर ९९०० मिलिअँप-अवर (किती मिलिअँप किती तास मिळतील त्याचा गुणाकार) छापलेले १८६५० सेल सर्रास विकले जातात. या मापात तेवढी क्षमता बसतच नाही. नामांकित कंपन्यांचे नेहमीचे सेल २००० ते ३५०० च्या दरम्यान असतात. खात्रीचा २००० चा सेल खोट्या ९९०० पेक्षा नक्की जास्त चालेल. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल वापरण्याचा सल्ला मी नवख्यांना देणार नाही.

चार्जिंग बोर्ड मागताना ‘प्रोटेक्शनवालं’ असं सांगा. त्यावर बी आणि आउट असे वेगळे प्लस-मायनस असतात. सेल बी ला जोडायचा आणि दिवा आउटला. सेल फार उतरला तर हे बोर्ड अडीच व्होल्टच्या आसपास दिवा तोडतं आणि शॉर्टपासूनही वाचवतं. सेल उलटा लावला तर मात्र बोर्ड जळतं, तेव्हा दोनदा बघून लावा. विकत मिळतं तेव्हा हे बोर्ड १ अँपने चार्ज करतं. २००० मिलिअँप-अवरच्या सेलला ते चालतं. पुढे कधी छोटा चपटा सेल वापरलात तर बोर्डावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर बदलावा लागेल. तिथे ५ किलोओहम लावला की करंट २५० मिलिअँपवर येतो.

पहिली पायरी: एक एलईडी, एक रेझिस्टर

सेल होल्डरमध्ये ठेवा. सेलला थेट सोल्डर कधीही करायचं नाही, उष्णतेने तो आतून बिघडतो आणि पेटूही शकतो. बोर्डाच्या आउट प्लसपासून २२० ओहमचा रेझिस्टर, त्याच्या दुसऱ्या टोकाला एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय आउट मायनसला. लांब पाय पॉझिटिव्ह असतो. पाय कापलेले असतील तर कडेला चपटी बाजू शोधा, ती निगेटिव्हची. उलटा लावला तर या व्होल्टेजला काही बिघडत नाही, फक्त पेटत नाही.

पेटला? आता मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून तीन आकडे मोजा आणि वहीत लिहा: सेलचं व्होल्टेज, एलईडीच्या दोन पायांमधलं व्होल्टेज, रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज. समजा ते ३.७१, २.८५ आणि ०.८६ आले. शेवटच्या आकड्याला २२० ने भागलं की ३.९ मिलिअँप. सर्किट कुठेही न तोडता करंट कळला. एलईडीच्या व्होल्टेजला सेलच्या व्होल्टेजने भागा, ७७ टक्के ऊर्जा दिव्याला मिळतेय हेही कळलं. हे तीन आकडे घेण्याची सवय सुरुवातीलाच लागली तर पुढचं निम्मं इलेक्ट्रॉनिक्स सोपं जातं.

मल्टिमीटरचा मिलिअँप रेंज वापरायचा मोह होतो, पण स्वस्त मीटर २० मिलिअँपच्या रेंजवर सर्किटमध्ये स्वतःचे १० ओहम घालतं. या दिव्यात ते चालून जाईल. पुढे १.२ व्होल्टचं सर्किट येणार आहे, तिथे मात्र मीटर लावल्यानेच दिवा मंद होतो आणि आकडा खोटा येतो.

दुसरी पायरी: उजेड किती पुरतो

हीच पायरी सगळे गाळतात आणि सगळ्यांत जास्त वीज इथेच वाचते. २२० ओहमच्या सिरीजमध्ये १० किलोओहमचं प्रिसेट जोडा. रात्री दिवा जिथे लावायचा तिथे ठेवा, घरातले बाकीचे दिवे घालवा आणि वीस मिनिटं थांबा. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. मग प्रिसेट फिरवत उजेड कमी करत जा, चालताना अडचण वाटायला लागली की किंचित वाढवा. तिथे २२० ओहमवरचं व्होल्टेज मोजा.

दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली बसून ठरवलं असतं तर तुम्ही १५-२० मिलिअँप म्हणाला असता. अंधारात बसून बहुतेकांचा आकडा २ ते ५ मिलिअँपमध्ये येतो. डोळा प्रकाश सरळ प्रमाणात मोजत नाही. करंट चौथ्या हिश्श्यावर आणला तरी उजेड साधारण निम्माच झाल्यासारखा भासतो. दुसरं कारण एलईडीच्याच बाजूने आहे. पांढरा एलईडी पूर्ण करंटपेक्षा कमी करंटवर दर मिलिवॅटमागे जास्त प्रकाश देतो. म्हणून १० मिलिअँप एका एलईडीतून काढण्यापेक्षा ५-५ मिलिअँप दोघांतून काढावेत. उजेड जास्त मिळतो आणि दोन्ही एलईडी थंड राहतात. असे समांतर लावताना प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर द्या, नाहीतर ज्याचं व्होल्टेज किंचित कमी तो सगळा करंट ओढून घेतो.

दिवा कुठे आहे यानेही फार फरक पडतो. तो डोळ्यांच्या उंचीवर नको. घोट्याच्या उंचीवर, पांढऱ्या भिंतीकडे किंवा जमिनीकडे तोंड करून लावा. पलंगाजवळ असेल तर लाल किंवा नारिंगी एलईडीचा विचार करा. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा बिघडत नाहीत, म्हणूनच तारे पाहणारी मंडळी लाल उजेडाची टॉर्च वापरतात.

आपण ४ मिलिअँप धरू. रात्री अकरा तास लावला तर ४४ मिलिअँप-अवर. २००० चा सेल ४५ रात्री पुरतो.

तिसरी पायरी: अंधार पडला की आपोआप

रोज बटण दाबायचं राहून जातं, म्हणून एलडीआर. उजेडात त्याचा रोध काही किलोओहमवर येतो आणि अंधारात लाखो ओहमवर जातो. आता एलईडीचा आखूड पाय मायनसवरून काढून बीसी५४७बी च्या कलेक्टरला जोडा आणि एमिटर मायनसला. सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली असे धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. प्लसपासून बेसला १०० किलोओहमचा रेझिस्टर, बेसपासून मायनसला एलडीआर. झालं.

अंधारात १०० किलोओहममधून बेसला सुमारे ३० मायक्रोअँप मिळतात. बीसी५४७बी त्याच्या किमान दोनशे पट करंट वाहू देतो, म्हणजे ६ मिलिअँप. आपल्याला ४ हवेत, पुरे झालं. उजेडात एलडीआर २० किलोओहमच्या खाली आला की बेसचं व्होल्टेज ०.६ च्या खाली जातं आणि दिवा विझतो. दिवसभर या जोडीतून वाहतो तो ४० मायक्रोअँपपेक्षा कमी. बारा तासांचा अर्धा मिलिअँप-अवरही होत नाही. दिवा फार लवकर लागत असेल तर १०० किलोओहमच्या जागी १५० लावा, उशिरा लागत असेल तर ६८.

एलडीआरवर दिव्याचा स्वतःचा उजेड पडता कामा नये. पडला तर दिवा स्वतःला पाहून मंद होतो किंवा थरथरतो. काळ्या स्ट्रॉचा अर्धा इंच तुकडा एलडीआरवर चढवा आणि त्याचं तोंड खिडकीकडे करा.

ब्रेडबोर्डवर दोन-तीन रात्री नीट चाललं की झीरो पीसीबीवर सोल्डर करा. एलईडीच्या पायाला आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. डबा म्हणून औषधाच्या गोळ्यांची पांढरी प्लॅस्टिकची बाटली उत्तम, तिच्यातून उजेड आपोआप पसरतो. डब्यावर चार्ज केल्याची तारीख लिहून ठेवा. सेल ३.३ व्होल्टवर आला की चार्ज करायचा, अगदी विझेपर्यंत वाट पाहू नये.

उतरलेल्या सेलमधला उजेड: जूल थीफ

रिमोट चालेनासा झाला की आपण त्यातले सेल फेकतो. मोजून पाहा, बरेचदा ते १.१-१.२ व्होल्ट दाखवतात. रिमोटसाठी ते संपले असले तरी आत ऊर्जा शिल्लक असते. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्ट हवेत, तेव्हा व्होल्टेज वाढवावं लागेल. त्यासाठी छंदवाल्यांचं जगभर लाडकं सर्किट आहे ‘जूल थीफ’. नोव्हेंबर १९९९ च्या ‘एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’ या ब्रिटिश मासिकात झेड. कापार्निक यांनी ते दिलं होतं. त्यात चारच भाग आहेत: फेराइट या चुंबकीय पदार्थाची रिंग, ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, एलईडी.

रिंग विकत घ्यायची गरज नाही. जळलेला सीएफएल बल्ब असेल तर त्याच्या खालच्या प्लॅस्टिकच्या भागातल्या सर्किटमध्ये साधारण एक सेंटिमीटरची काळसर रिंग असते. फक्त काचेची नळी फोडू नका, तिच्यात पारा असतो. बल्ब बराच वेळ बंद असेल तेव्हाच उघडा आणि मोठ्या कपॅसिटरचे (वीज साठवून ठेवणाऱ्या भागाचे) पाय आधी एका रेझिस्टरने शॉर्ट करून घ्या.

नेटवर्क केबलमधल्या दोन रंगांच्या बारीक तारा एकत्र धरून रिंगमधून दहा-बारा वेढे द्या. समजा निळी आणि नारिंगी. निळीचा शेवट आणि नारिंगीची सुरुवात एकमेकींना जोडा, तो जोड सेलच्या प्लसला. निळीची सुरुवात १ किलोओहममधून बीसी३३७ च्या बेसला. नारिंगीचा शेवट कलेक्टरला. एमिटर सेलच्या मायनसला. एलईडीचा लांब पाय कलेक्टरला, आखूड एमिटरला. बीसी३३७ च्या पायांचा क्रम बीसी५४७ सारखाच आहे, पण तो जास्त करंट कमी नुकसानीत वाहतो, म्हणून इथे तोच. पेटला नाही तर शंभरातल्या नव्वद वेळा एका तारेची टोकं उलटी लागलेली असतात. नारिंगीची टोकं अदलाबदल करून पाहा.

हे चालतं कसं? ट्रान्झिस्टर चालू झाला की नारिंगी कॉइलमधला करंट वाढायला लागतो. तो वाढत असेपर्यंत निळी कॉइल बेसला आधार देते. एका क्षणी वाढ थांबते, आधार जातो आणि ट्रान्झिस्टर बंद होतो. पण कॉइलमधला करंट असा अचानक थांबू शकत नाही. तो वाट काढण्यासाठी व्होल्टेज चढवतो, आणि एलईडी पेटेल इतकं ते चढलं की एलईडीतून वाहून जातो. सेकंदाला हजारो वेळा हे घडतं, म्हणून डोळ्याला दिवा सलग दिसतो. यामुळेच सर्किट चालू असताना एलईडी काढू नये. वाट बंद झाली की व्होल्टेज ट्रान्झिस्टरची मर्यादा ओलांडून त्याला मारू शकतं.

मोजायचं असेल तर सेलच्या मायनसच्या वाटेत १ ओहमचा रेझिस्टर घाला आणि मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून त्याच्या टोकांवर मोजा. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँप. रेझिस्टरच्या पुढे, सर्किटच्या बाजूला प्लस-मायनसमध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा म्हणजे आकडा नाचणार नाही. आता बेसचा १ किलोओहम बदलून २.२, मग ४.७ लावून पाहा. सेलमधून जाणारा करंट बराच कमी होतो, आणि उजेडातला फरक आपल्या बोळापुरता तरी फारसा जाणवत नाही.

जूल थीफचं कौतुक करताना एक स्पष्ट सांगायला हवं. त्याची कार्यक्षमता साधारण ५० ते ७० टक्के असते, म्हणजे पहिल्या पायरीतल्या एका रेझिस्टरच्या दिव्यापेक्षा कमी. नवा सेल विकत आणून जूल थीफला लावण्यात काही मिळवणं नाही. एरवी कचऱ्यात जाणाऱ्या सेलसाठी ते खरं उपयोगी आहे. आणि इतका पिळलेला सेल गळतो, तेव्हा दिवा विझला की तो लगेच बाहेर काढा.

बागेतला सौर दिवा दुरुस्त करा

दोन-तीन वर्षांनी बंद पडलेला सौर दिवा कुणाकडे तरी असतोच. तो मागून घ्या. उघडल्यावर आत चार पायांचा एक आयसी दिसेल, क्यूएक्स५२५२ किंवा वायएक्स८०१८ जातीचा, शेजारी रेझिस्टरसारखी दिसणारी जाडसर कॉइल, १.२ व्होल्टचा रिचार्जेबल सेल आणि एलईडी. जूल थीफचंच काम हा आयसी अधिक शिस्तीत करतो, शिवाय पॅनेललाच उजेडाचा सेन्सर म्हणून वापरतो. पॅनेलचं व्होल्टेज पडलं की तो दिवा लावतो. वेगळा एलडीआर लागत नाही.

बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो सेल. त्याच मापाचा रिचार्जेबल सेल घाला. साधा अल्कलाइन घालू नका, तो चार्ज करण्यासाठी नसतो. त्यानंतर संशय गंजलेल्या पट्ट्यांवर, मग पॅनेलच्या तुटलेल्या तारेवर. उजेड आणि बॅटरीचे तास यांचा मेळ त्या कॉइलवर ठरतो: मायक्रोहेन्रीचा आकडा वाढवला की करंट कमी होतो. फार भगभगीत आणि मध्यरात्री विझणारा दिवा असेल तर मोठ्या आकड्याची कॉइल लावा, पहाटेपर्यंत टिकेल. आयसी बदलायची वेळ आली तर डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, पाहूनच जोडा, वेगवेगळ्या नंबरांच्या पायांचा क्रम सारखा असेलच असं नाही.

कागदावर हिशोब असा: पॅनेल भर उन्हात ४० मिलिअँप देतं आणि चांगलं ऊन पाच तास पडतं, तर २०० मिलिअँप-अवर. चार्ज होताना काही वाया जातं, १४० हाती धरा. दिवा १० मिलिअँपने बारा तास म्हणजे १२०. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हे जमतं. कोकणात किंवा घाटावर आषाढ-श्रावणात पॅनेलला उन्हाळ्याच्या मानाने फारच थोडं मिळतं, आणि तेव्हा मोठा सेल घालून काही साधत नाही, कारण तो भरणारच नाही. त्या दिवसांसाठी पॅनेल दुप्पट करा किंवा करंट निम्म्यावर आणा. ६०० मिलिअँप-अवरच्या सेलला ६० मिलिअँपपर्यंत रोजचं चार्जिंग निर्धास्त चालतं, तेव्हा पॅनेल त्या मर्यादेत ठेवा.

घरच्या विजेवर चालवायचा असेल तर

इंटरनेटवर २३० व्होल्टमधून एक कपॅसिटर आणि चार डायोड लावून थेट एलईडी पेटवायचं सर्किट जागोजागी दिसतं. स्वस्त दिव्यांत ते वापरतातही. तुम्ही ते बनवू नका. त्यात मेन्सपासून कसलंही विलगीकरण नसतं, एलईडीचा पायसुद्धा घरच्या विजेइतकाच जीवघेणा असतो. मुलं आणि वयस्क माणसं जिथे हात लावणार तिथे तर हे सर्किट नकोच.

मेन्सवरच हवा असेल तर बीआयएसची खूण असलेला मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर घ्या आणि एका पांढऱ्या एलईडीला ५१० ओहम लावा, सुमारे ४ मिलिअँप मिळतील. दिवा स्वतः २० मिलिवॅट घेतो. पण चार्जर नुसता लावून ठेवला तरी स्वतःसाठी थोडी वीज घेतोच. वॅटचा दहावा भाग जरी धरला तरी ती दिव्याच्या पाचपट होते. त्यामुळे वीज कमी खर्चायची हे ध्येय असेल तर सेलवरचाच दिवा ठेवा आणि मोबाइल चार्ज होऊन चार्जर मोकळा झाला की दीड महिन्यातून एकदा सेल त्यावर लावा. रिकाम्या सेलला दोन-तीन तास पुरतात. बोर्डावरचा लाल दिवा जाऊन निळा किंवा हिरवा लागला की काढून घ्या.